न वाचल्यासारखं वाचण्याचा पर्याय

ज्या कामामुळं मी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून नोकरी सोडली, ते काम सुरुवातीला मला फार आवडलं होतं.

त्याआधी बरीच वर्षं मी एका स्थानिक वर्तमानपत्रात प्रुफं तपासायचे. ते बंद पडलं आणि मी घरी बसले. मग ओळखीतून राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले. कंपनी म्हणजे दाताच्या दवाखान्यावरचा मजला. जिना चढताना लवंगेच्या तेलाचा वास यायचा आणि काम करताना खालून ड्रिलचा आवाज. दूध संस्था, पतपेढ्या, शाळा यांच्यासाठी तिथं प्रोग्रॅम बनायचे आणि ते वापरायचे कसे, हे साध्या मराठीत लिहून देणं हे माझं काम. पन्नाशीतल्या बाईला कॉम्प्युटरच्या कंपनीत कोण घेतं, असं माझ्या नवऱ्याला वाटायचं. पण ऱ्हस्व-दीर्घाची सवय लागलेल्या माणसाला स्वल्पविराम चुकला की बिघडणारी यंत्रं परकी वाटत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेचं काम आलं. संस्थेच्या पुष्कळ शाळा, कॉलेजं, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना संस्थेनं दिलेले ईमेल. विद्यापीठाचं एखादं परिपत्रक यायचं, ते कुणाच्या तरी मेलमध्ये अडकून पडायचं आणि मुदत निघून गेल्यावर सापडायचं. म्हणून संस्थेला असं साधन हवं होतं की, मुख्य कार्यालयात बसून एका आज्ञेत सगळ्या खात्यांतला मेल शोधता यावा. रंगीत बटणं नकोत, खर्च नको. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि खाली उत्तर यायचं, एवढंच. वापरणारे क्लार्क असल्यामुळं पुस्तिका मराठीत हवी होती.

ते साधन लिहिलं होतं आमच्यातल्याच एका मुलीनं. गारगोटीजवळच्या खेड्यातली. घरी म्हशी, आई डेअरीला दूध घालणारी, आणि ही आमच्या कंपनीत सगळ्यात हुशार. आमच्याकडच्या पुष्कळ मुलींसारखी तीही स्वतःबद्दल ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलायची आणि आवाज असा की, खाली दवाखान्यात पेशंट दचकावा.

“मॅडम, लई सोपं हाय बगा,” ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. “आधी शोध म्हणायचं. मग कुठं शोधायचं ते. पाठवणारा, घेणारा, विषय, मजकूर, तारीख. मग काय शोधायचं ते. झालं की!”

झालं कसलं! खरी गंमत पुढंच होती. प्रत्येक मेलला अदृश्य खुणा चिकटलेल्या असतात: वाचलेला, न वाचलेला, उत्तर दिलेला, महत्त्वाचा, मसुदा, काढून टाकलेला. या खुणांना इंग्रजीत फ्लॅग म्हणतात. आणि आज्ञेच्या शेवटी जोडायचे जे पर्याय असतात, त्यांनाही फ्लॅगच म्हणतात. एकाच पानावर एकच शब्द दोन अर्थांनी आला तर क्लार्कनं काय समजायचं? आम्ही त्यावर एक अख्खी दुपार भांडलो. शेवटी मेलवरच्या त्या ‘खुणा’ आणि आज्ञेचे ते ‘पर्याय’ असं ठरलं. शोधायच्या जागांना मी ‘रकाने’ म्हटलं. तिला रकाना शब्द इतका आवडला की, ती चहाच्या कपांच्या फळीलाही रकाना म्हणायला लागली.

एकेक रकाना घ्यायचा, तो काय करतो ते एका वाक्यात लिहायचं, खाली उदाहरण द्यायचं. ‘नाही’ हा शब्द फक्त त्याच्या लगेच पुढच्या अटीला लागतो, सगळ्या अटींना नाही. ‘पासून’ म्हटलं की ती तारीख धरून, ‘पूर्वी’ म्हटलं की ती तारीख सोडून. अशा बारीक गोष्टी नेमक्या शब्दांत बसवताना मला जुनं सुख मिळत होतं. हेडिंगमधली चूक छपाईचं मशीन सुरू व्हायच्या आधी सापडावी, तसं.

उदाहरणं लिहायची तर आज्ञा चालवून बघायला हवी. त्यासाठी संस्थेकडून चाचणीसाठी म्हणून मेलचा एक साठा आला होता. तो खोटा असेल असं मी धरून चालले होते.

पहिल्याच शोधात मला वाईट वाटलं. मी विषयाच्या रकान्यात ‘पगार’ टाकलं. पडद्यावर ओळी आल्या. पगाराबाबत विनंती. पगाराबाबत स्मरणपत्र. पुन्हा स्मरणपत्र. सगळ्या एकाच बाईकडून गेलेल्या. मग ‘घेणारा’च्या रकान्यात त्याच बाईचं नाव टाकून उत्तरं शोधली, तर एकही ओळ नाही. तरी मला वाटलं, कुणीतरी नमुन्यासाठी रचलं असेल. मग मी मसुद्याची खूण लावली. मसुदा म्हणजे लिहायला घेतलेला, पण न पाठवलेला मेल. विषय कोरा होता. पहिली ओळ दिसत होती: ‘सर, मी आजवर कधी’. पुढं काही नाही. बाई तिथंच थांबली होती.

असं कुणी रचत नाही.

माझे हात कीबोर्डवरून आपोआप मागं आले. बसमध्ये शेजारच्या बाईची पर्स चुकून आपल्या मांडीवर उघडावी आणि आतलं सगळं दिसावं, तसं झालं. पण हे चुकून नव्हतं. काढून टाकलेल्या मेलची खूण अजून बघायची राहिली होती आणि मला माहीत होतं, तिनं जे फेकून दिलं ते सगळं तिथं पडलेलं असणार. कारण ‘काढून टाकलेला’ ही नुसती खूण आहे. साफसफाई होईपर्यंत मेल जागच्या जागीच असतो, हे मी आदल्याच दिवशी पुस्तिकेत लिहिलं होतं. मी ती आज्ञा चालवली नाही. पडदा बंद केला.

“ही बाई कोण गं?” मी मुलीला विचारलं.

“कोण की. संस्थेतली मास्तरीण. आता कामावर न्हाय म्हणं. तिचा जुना मेलचा डबा दिलाय आपल्याला.”

“तिला विचारलंय?”

“कुणाला?”

तिला खरंच कळलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं तो डेटा होता. मी साहेबांकडं गेले. आमचे साहेब चाळिशीतले, बोलायला गोड, कुणाला कधी अरेतुरे न करणारे. ते म्हणाले, “मॅडम, चाचणीला खरा माल लागतो. खोट्यावर चाललं आणि खऱ्यावर अडलं तर?”

“पण त्या बाईंचं खासगी आहे ते.”

“संस्थेच्या मेलवर खासगी कशाला लिहायचं?” असं म्हणून ते हसले. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

मग मी आणि मुलीनं मिळून आमचा खोटा साठा तयार केला. तो आठवडा मात्र मजेत गेला. आम्ही एक खोटं गाव वसवलं. म्हैस विकायला काढलेला एक पाटील, त्याला भाव पाडून मागणारा मलकापूरचा एक व्यापारी, लग्नाची पत्रिका सगळ्या गावाला दोन-दोनदा पाठवणारा एक मामा. मुलगी एकेक मेल लिहायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची: “पावणं, म्हस दूध देती म्हणून सांगितलंसा, पर लाथ बी मारती हे सांगितलं न्हाय!” सगळं ऑफिस हसायचं. म्हशीच्या मेलला ‘महत्त्वाचा’ खूण, मामाच्या पत्रिकेला ‘काढून टाकलेला’. त्यावर माझी उदाहरणं झकास बसली. त्या मास्तरीणबाईंचा डबा आमच्या मशीनवरून पुसून टाक, असं मी मुलीला सांगितलं आणि तिनं तो माझ्यासमोर पुसला.

मग संस्थेचे अधीक्षक काम बघायला आले.

गृहस्थ जाडजूड, गळ्यात दोरीला चष्मा, बोलणं हळू. येताना भडंगाचं मोठं पुडकं घेऊन आले होते. “घ्या की, घ्या,” करत त्यांनी ते माझ्याच टेबलावर फोडलं आणि खात खात माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघायला लागले. त्यांच्या श्वासाला लसणाचा वास होता. मी त्यांना रकाने दाखवले, खुणा दाखवल्या. म्हशीच्या मेलवर ते मनापासून हसले.

“ते ठीक हाय,” ते म्हणाले. “आता एक सांगा मॅडम. आम्ही हितनं कुणाचा मेल उघडला, तर त्याच्याकडं तो वाचलेला दिसणार न्हवं? जाड अक्षर जाणार?”

मी मुलीकडं बघितलं. न वाचलेल्या मेलचा विषय जाड अक्षरात दिसतो. उघडला की तो बारीक होतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

“ते जाता कामा नये,” अधीक्षक म्हणाले. “आम्ही वाचलं तरी त्याला वाटलं पाहिजे, अजून कुणी वाचलेलं न्हाय.”

“त्याला पर्याय हाय की आधीच,” मुलगी पटकन बोलली. “बॅकअप घेताना लागतो तो. मेल बघायचा, पर खूण बदलायची न्हाय.”

“व्हय?” त्यांचा चेहरा उजळला. “मग ते पुस्तकात नीट लिवा. उदाहरणासकट.” आणि त्यांनी खाली वाकून माझ्या कीबोर्डवर स्वतः टाइप करायला सुरुवात केली. तेलकट, तिखटानं लाल झालेली बोटं. मजकुराच्या रकान्यात त्यांनी शब्द टाकले: संघटना. मग: माहिती अधिकार. मग: वकील. आमच्या खोट्या गावात यातलं काही नव्हतं, म्हणून पडदा कोराच राहिला. “असली उदाहरणं द्या,” ते म्हणाले. “म्हस बिस नको. आमची माणसं काय म्हस शोधणार न्हाईत.”

ते गेल्यावर मी कीबोर्ड पुसायला घेतला. स्पिरीटचा बोळा फिरवला, मग दुसरा. बटणांच्या फटीत लाल तेल उतरलं होतं. ते काही केल्या निघेना. मी कीबोर्ड काढून ठेवला आणि स्टोअरमधून दुसरा मागून घेतला. ऑफिसमधल्या मुलांना वाटलं, मॅडम सोवळ्यातल्या आहेत. त्यांना काय सांगणार?

तरी ते पान लिहायला मी बसले. पर्याय आहे तर तो काय करतो हे लिहिलंच पाहिजे, एवढी शिस्त माझ्यात होती. मी लिहिलं: ‘हा पर्याय वापरल्यास दुसऱ्या व्यक्तीचा मेल तिच्या नकळत वाचता येतो. मेल न वाचलेलाच दिसत राहतो, त्यामुळे कुणी वाचला हे तिला समजण्याचा मार्ग उरत नाही.’ दोन वाक्यं. त्यात एक शब्द जास्त नव्हता आणि एक शब्द खोटा नव्हता.

साहेबांनी पान वाचलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, जरा सौम्य करू या.”

“यात चूक काय आहे?”

“चूक नाही हो. पण ‘नकळत’ वगैरे कसं वाटतं? असं लिहा: ‘मेलची मूळ स्थिती जपून वाचन करण्याची सुविधा.’”

वाक्य त्यांच्याकडं तयारच होतं. मी ते मनात दोन वेळा वाचलं. मूळ स्थिती. जपून. सुविधा. वर्तमानपत्रात असताना मी असली वाक्यं खूप पाहिली होती. लाठीमाराला ‘सौम्य बळाचा वापर’ म्हणणारी, कामगार काढण्याला ‘पुनर्रचना’ म्हणणारी. पण ती दुसऱ्यांची असायची आणि मी त्यातले काना-मात्रे तेवढे बघायचे. इथं ते वाक्य माझ्याकडून लिहून हवं होतं. ‘जपून’ या शब्दाचं मला सगळ्यात वाईट वाटलं. आमच्या घरी बाहेर निघालेल्या माणसाला ‘जपून जा’ म्हणतात.

“हे मी लिहिणार नाही,” मी म्हणाले.

“बघा विचार करून. घाई नाही,” साहेब म्हणाले आणि चहा मागवला. त्यांचा आवाज इतका मऊ होता की, भांडायलाही काही धरायला सापडेना. मी चहा तसाच ठेवून उठले.

मुलगी तेव्हा चुलतभावाच्या लग्नाला गावाकडं गेली होती. तिच्याशी बोलल्याशिवाय मला राहवेना, पण लग्नघरात फोन कुठं करायचा, म्हणून मी ऑफिसच्या मेलवरून तिला चार ओळी पाठवल्या. ते पान मी लिहून दिलेलं नाही. मला त्या पर्यायाची शिसारी येते. साधन चांगलं आहे, पण त्या माणसाच्या हातात ते जाणार याचा विचार तू केलास का? आल्यावर बोलू. एवढंच.

लग्न उरकून ती ज्या दिवशी परतली, त्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना पन्हाळ्याला जेवायला नेलं. काम संपत आल्याबद्दल. गाड्या करून आम्ही गेलो. तटबंदीला टेकून उभं राहिलं की अंगावर वारा येत होता, खाली शेतांचे तुकडे दिसत होते. झोपडीवजा हॉटेलात झुणका-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही आलं. साहेब स्वतः सगळ्यांना वाढत होते. माझ्या ताटाजवळ आल्यावर ते थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“मॅडमना झुणका जरा बेतानंच वाढतो. त्यांना हल्ली कशाचीही शिसारी येते!”

पोरं हसली. मी पण हसायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

शिसारी हा शब्द आता कुणी वापरत नाही. आमच्या ऑफिसात तर नाहीच. तिथं सगळे ‘डोकं फिरलं’ नाहीतर ‘बोअर’ म्हणतात. मी तो शब्द बोललेही नव्हते. मी तो फक्त लिहिला होता, एकदाच, एकाच माणसाला.

मुलगी माझ्याशेजारीच बसली होती. मी हळूच विचारलं, “मी तुला मेल केला होता. तो तू कुणाला दाखवलास?”

“कसला मेल? गावाकडं गेल्यापासनं मी मेल उघडलाच न्हाय, मॅडम.” तिनं भाकरीचा हात मांडीला पुसला आणि फोन काढला. नेटवर्क यायला वेळ लागला. मग यादी उघडली. माझा मेल वरून तिसरा की चौथा होता. विषय जाड अक्षरात. न वाचलेला.

आम्ही दोघी त्या जाड अक्षरांकडं बघत राहिलो. तिला ते माझ्यानंतर कळलं, पण कळलं तेव्हा पुरतं कळलं. तिच्या मानेपर्यंत लाली चढली.

मी ताट बाजूला केलं आणि विचारलं, “सर, हा शब्द तुम्हाला कुठं मिळाला?”

“कुठला?”

“शिसारी.”

त्यांनी पळी खाली ठेवली. लाजले नाहीत. मला वाटत होतं, लाजतील. म्हणाले, “मॅडम, साधन आपण बनवतोय, मग आपणच वापरून बघायला नको? कंपनीचा सर्व्हर, कंपनीचा मेल. यात मनावर घेण्यासारखं काय आहे?” आणि परत वाढायला लागले. “दही घ्या, दही.”

खाली मान घालून सगळे जेवत राहिले. तेवढ्यात माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता, थांबवता येत नव्हता. या वर्षात ऑफिसच्या मेलवरून मी काय काय लिहिलं? नणंदेला तिच्या गाठीच्या तपासणीबद्दल लिहिलं होतं. मुलाला रागावून लिहिलं होतं, मग माफी मागून. ते सगळं या माणसानं, असंच दही वाढावं तसं, निवांत बघितलं असेल? की नसेल बघितलं? हेच कळायचा मार्ग नव्हता. माझंच वाक्य होतं ते: ‘समजण्याचा मार्ग उरत नाही.’ तेव्हा मी ते फक्त अचूक म्हणून लिहिलं होतं. आता ते अंगावर पाल पडल्यासारखं वाटलं. मी बाहेर जाऊन तटाच्या कडेला ओकले.

मुलगी मागोमाग आली. तिनं पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, “चला, मॅडम. आपुन जाऊया.”

आम्ही वडापच्या, माणसं भरभरून नेणाऱ्या जीपमध्ये बसून खाली आलो. मागच्या सीटवर गुडघ्याला गुडघे लागलेले, पायाशी कुणाच्या तरी कोंबड्यांची पाटी. ही मुलगी इतका वेळ गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. वाघबीळचा घाट उतरल्यावर ती म्हणाली,

“मी केलंय न्हवं ते. माझ्या हातानं. मला वाटलं, बॅकअपला लागतंय.”

“लागतंच ना बॅकअपला.”

“लागतंय. पर मला इचारायला पायजे हुतं, आणि कशाला लागतंय.” थोड्या वेळानं म्हणाली, “माझ्या आईला कुणी धार काढताना चोरून बघितलं तर ती तांब्या फेकून मारंल. आणि मी त्यांला खिडकी करून दिली.”

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना एक तोडगा सांगितला. हा पर्याय कुणी वापरला की मेलच्या मालकाला आपोआप तशी सूचना जावी. दहा ओळींचं काम आहे, म्हणाली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग तो पर्याय कशाला राहील?” त्यांचं बरोबर होतं.

मी राजीनामा दिला. मेलनं नाही, कागदावर हातानं लिहून, टेबलावर ठेवून. साहेबांनी तोही गोडच बोलून घेतला. मुलीनं दिला नाही. घरी बापाचं आजारपण होतं, भावाचं शिक्षण होतं. मी तिला एका शब्दानं विचारलं नाही आणि तिनंही समजावलं नाही. अजून आम्ही भेटतो, पण पूर्वीसारखी ती मोठ्यानं बोलत नाही. मला त्याचाही राग येतो, तिच्यावर नाही, पण येतो.

महिन्याभरानं छापील पुस्तिका घरी आली. तिनंच आणून दिली. मी सगळी चाळली. माझे रकाने, माझ्या खुणा. म्हस मात्र काढून टाकली होती. आणि ‘नाही’च्या पानानंतर ते पान होतं, जे मी लिहिलं नव्हतं.

“हे कुणी लिहिलं?”

“कुणी न्हाय,” ती म्हणाली. “तुमची बाकीची पानं एआयच्या मशीनला दिली आणि म्हटलं, असंच एक पान लिही.”

मी वाचलं. ‘मेलची मूळ स्थिती जपून वाचन करण्यासाठी हा पर्याय वापरावा.’ आधी एका वाक्यात काय करतो ते, मग उदाहरण, मग बारीक टीप. माझीच मांडणी. टीपेत ‘लक्षात असू द्या’ असं होतं. मी तेच म्हणते, ‘लक्षात ठेवा’ नाही, कारण मला हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ती माझी लकबसुद्धा त्या यंत्रानं उचलली होती. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. माझ्या ओळखीच्या कुणीही ते वाचलं असतं तर म्हणालं असतं, हे बाईंनीच लिहिलंय. आपण न घातलेला, पण आपल्या घामाचा वास येणारा ब्लाउज कुणीतरी हातात द्यावा, तसं मला झालं. मी पुस्तिका पिशवीत घालून बाल्कनीत ठेवून दिली. घरात नको होती.

शेवटच्या पानावर ‘अडचण आल्यास’ म्हणून माझा फोन नंबर छापला होता. तो काढायचा राहून गेला असावा. काही दिवसांनी त्यावर एका बाईंचा फोन आला.

“पुस्तकवाल्या मॅडम का? मी संस्थेच्या हापिसातनं बोलतीया. क्लार्क हाय.” मागं पंख्याचा आवाज येत होता, ती दबक्या आवाजात बोलत होती. “मला शिकायला बसवलंय त्यावर. एक इचारू का? ते मूळ स्थिती जपून म्हणजे काय वो? मला कळलं न्हाय.”

मी आता त्या कंपनीत नाही, असं म्हणून फोन ठेवता आला असता. पण वाचणाऱ्यानं अर्थ विचारला होता.

“म्हणजे तुम्ही दुसऱ्याचा मेल वाचलात तरी त्याला कळत नाही,” मी म्हणाले.

“आणि आमचा? आमचाबी कोण वाचू शकतंय का असा?”

“हो.”

“म्हंजे वाचत्यात?”

“ते मला माहीत नाही. तुम्हालाही कळणार नाही. पण वाचता येतो.”

“बरं झालं सांगितलंसा,” एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. त्या बाईनं ते आपल्या शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला. बघता बघता संस्थेतल्या लोकांनी ऑफिसच्या मेलवर ‘कळावे’ आणि ‘सोबत जोडले आहे’ याशिवाय काही लिहायचं बंद केलं. अधीक्षकांनी आमच्या साहेबांना झापलं, साहेबांनी मला फोन केला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली साखर उतरली होती.

“मॅडम, तुम्ही आमच्या ग्राहकाला भडकवलंत.”

“त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. पुस्तिकेवर माझा नंबर आहे, सर. अडचण आल्यास म्हणून.”

“यानं तुमचं काय भलं झालं?”

खरं सांगायचं तर काही झालं नव्हतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. तो पर्याय अजून तिथंच होता, ते पान अजून तिथंच होतं. आता मी एका कारखान्याच्या पाण्याच्या पंपांच्या पुस्तिका लिहिते. पंप उघडायचा, गाळ काढायचा, परत बसवायचा. वाचताना कुणाचंही मन उघडं पडत नाही. तरी कधी कधी मध्येच हात थांबतो आणि मी नणंदेला काय लिहिलं होतं ते शब्दन्‌शब्द आठवायला लागते.

त्या क्लार्कबाईंचा आणखी एकदा फोन आला. या वेळी ती घरून बोलत होती, मागं कुकरची शिट्टी झाली.

“मॅडम, आता कोण काय लिहीत न्हाय. सगळी खाली चहाला जात्यात आणि तिथंच बोलत्यात. पर माझं एक राहिलंय. आधीचं जे लिवलेलं हाय, मागच्या सालातलं, ते कुणी वाचलं असंल, तर त्याचं काय करायचं?”

“त्याचं काही करता येत नाही, बाई.”

“कायच न्हाय?”

“नाही.”

पलीकडं कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

“श्शी!” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.